गिटारच्या ध्वनिवर्धकांतील रेक्टिफायर

आपल्या घरीं येणारा विजेचा प्रवाह सेकंदांत ५० आवर्तनें करीत आपली दिशा सारखी पालटीत असतो. दिव्यास त्याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकास हा चंचलपणा चालत नाहीं. त्यास शेंकडों व्होल्ट दाबाचा, एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह लागतो. तो करून देणारें साधन म्हणजे रेक्टिफायर. गिटारचा स्वर या साधनांतून जातच नाहीं. मग त्याचा प्रकार बदलल्यानें नाद कसा बदलावा, ही शंका कोणासही येईल.

फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं शोधलेला दोन अंगांचा व्हॉल्व्ह हा या कुळाचा मूळ पुरुष. निर्वात नळींत तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात, उलट येत नाहींत. पण ती पोकळी ओलांडतांना कांहीं दाब खर्चीं पडतो, आणि प्रवाह जितका अधिक तितका हा खर्च अधिक. ५यू४जी या व्हॉल्व्हमध्यें २२५ मिलिअँपिअर प्रवाहास सुमारें ४४ व्होल्ट गळतात. जीझेड३४ मध्यें तेवढ्याच प्रवाहास सुमारें १७. सिलिकॉनच्या डायोडमध्यें मात्र एखादाच व्होल्ट.

आतां पायपेटीचा भाता डोळ्यांपुढें आणा. एक पट्टी दाबली तर भाता भरलेला राहतो; एकदम पुष्कळ दाबल्या तर वारा अपुरा पडूं लागतो. तसेंच येथें. वादकानें साऱ्या तारांवर जोरानें आघात केला कीं शेवटचे मोठे व्हॉल्व्ह एकाएकीं अधिक प्रवाह ओढतात. कंडेन्सरमध्यें सांठलेली वीज क्षणभर पुरते. मग रेक्टिफायरमधील गळती वाढून दाब उतरतो आणि आघाताची धार बोथट होते. स्वर विरूं लागला म्हणजे मागणी घटते, दाब पुनः चढतो व स्वराचा शेवट फुलल्यासारखा भासतो. वादक यास ‘सॅग’ म्हणतात. सिलिकॉनवर दाब फारसा ढळत नाहीं. त्यामुळें आघात घट्ट व ठसठशीत येतो.

मात्र कित्येक वादक रेक्टिफायरला जें माहात्म्य देतात, तें मला अतिशयोक्तीचें वाटतें. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचा विरोध व कंडेन्सरची धारणशक्ति यांचाही वांटा मोठा असतो. हळू वाजविलें तर भेद जवळजवळ कळतच नाहीं. ज्या ध्वनिवर्धकांत मोठे व्हॉल्व्ह स्वर नसतांही जवळजवळ तेवढाच प्रवाह ओढीत असतात, तेथें मोठ्या आवाजांतही तो थोडाच.

अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या १९५८ नंतरच्या कांहीं बासमन ध्वनिवर्धकांत जीझेड३४ होता. लंडनच्या मार्शल यांनीं १९६२ सालीं त्याच धर्तीवर जेटीएम४५ केला, तेव्हां तोच व्हॉल्व्ह ठेविला. पुढें मोठ्या यंत्रांत सिलिकॉन आलें. १९९० नंतरच्या दशकांत मेसा बूगी कंपनीनें दोन्ही प्रकार एकाच यंत्रांत बसवून निवडीसाठीं खटका दिला.

हा प्रयोग घरीं करूं नये. व्हॉल्व्हच्या जागीं सिलिकॉन बसविल्यास दाब कित्येक व्होल्टांनीं चढून इतर भाग जळूं शकतात. ५वाय३ च्या जागीं ५यू४ घातला तर त्याच्या तंतूस २ ऐवजीं ३ अँपिअर लागतात, व ट्रान्सफॉर्मर तापतो. शिवाय यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्यें प्राणघातक वीज उरलेली असूं शकते. ती काढून टाकण्याची रीत जाणणाऱ्या कारागिरानेंच पेटी उघडावी.