शिवराईची प्रत आणि मोबाइलचा फोटो

प्रश्न : घरातल्या शिवराईचे फोटो पाठवत आहे. प्रत कोणती ठरेल? (एक वाचक, मुरुड)

उत्तर : फोटोवरून नाणे ओळखता येते; प्रत मात्र अंदाजानेच सांगावी लागते. तुमच्या नाण्यावर 'श्री राजा शिव'मधला 'शिव' अर्धाच आहे, पण ती झीज नव्हे. शिवराई हातोड्याने पाडत. ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरे काठाबाहेर जात. झीज पाहायची ती उरलेल्या अक्षरांच्या माथ्यावर. 'रा'चा काना अजून उठावदार आहे, म्हणजे नाणे फार फिरलेले नाही.

खरी अडचण पृष्ठभागाची. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो. तो घट्ट, गुळगुळीत असेल तर चिंता नाही; भुकटी होऊन सुटत असेल तर क्लोराइड नाणे खात आहे. समोरून फ्लॅश मारला की दोन्ही सारखेच दिसतात. चिंचेने घासलेले नाणेही त्यात 'उत्तम' भासते, आणि जाणकार नेमकी त्याचीच किंमत पाडतो. लिलाव फोटोंवरच चालतात, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण तिथली प्रत नाणे हाती घेऊन लिहिलेली असते.

फ्लॅशविना, खिडकीच्या तिरक्या उजेडात दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो पाठवा. ओतीव नकलेची शिवण बहुधा कडेलाच सापडते. सोबत वजनही कळवा.