प्रार्थनास्थळे आणि आपत्तीची पूर्वतयारी

26 डिसेंबर 2004 रोजी रविवार होता. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तमिळनाडूतील वेलंकन्नीच्या प्रसिद्ध चर्चमध्ये यात्रेकरूंची दाटी होती. मुंबई-गोव्याकडील भाविकांनाही हे तीर्थस्थान अपरिचित नाही. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला आणि दोन-अडीच तासांनी त्सुनामीच्या लाटा या किनाऱ्यावर आदळल्या. चर्चमध्ये प्रार्थनेस बसलेले लोक वाचले. किनाऱ्यावर गेलेले शेकडो यात्रेकरू प्राणास मुकले. मधल्या अवधीत घंटेच्या नादाने किनारा रिकामा करता आला असता. परंतु घंटा वाजविणाऱ्याला वार्ता देणारी यंत्रणाच त्या वेळी हिंदी महासागरात नव्हती. 2007 पासून हैदराबाद येथील केंद्र असा इशारा काही मिनिटांत देऊ शकते. तो वाळूवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानी कोणी घालावयाचा, हा प्रश्न मात्र गावानेच सोडवावयाचा असतो.

संकट कोसळल्यावर धावून जाण्यात आपल्या धार्मिक संस्था कधी मागे राहिल्या नाहीत. गुरुद्वारांतील लंगर, रामकृष्ण मिशनचे साहाय्यकार्य, फाळणीच्या निर्वासितांसाठी 1947 मध्ये चर्चेसनी उभारलेली ‘कासा’ ही संस्था, ही उदाहरणे सर्वश्रुत आहेत. पूर्वतयारीचे काम त्या मानाने नीरस असते व त्यात पुण्यही चटकन दिसत नाही. रात्री किल्ली कोणाकडे असते? ध्वनिक्षेपकाची वीज गेल्यास काय करावयाचे? धोक्याची घंटा नेहमीच्या घंटेहून वेगळी वाजली पाहिजे, नाहीतर ती ऐकून कोणी जागचे हलणार नाही. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे धर्मगुरूला सरकारी नोंदवहीपेक्षा अधिक ठाऊक असते. तिला उचलून आणणारे दोन तरुण मात्र आधीच ठरवून ठेवावे लागतात.

वेलंकन्नीचे चर्च वाचले म्हणून प्रत्येक प्रार्थनास्थळ सुरक्षित मानणे घातक होय. त्याच दिवशी कार निकोबारच्या किनाऱ्यावरील गावे प्रार्थनामंदिरांसह वाहून गेली. यास्तव इमारतीची उंची व बळकटी अभियंत्याकडून तपासून घ्यावी.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. त्सुनामीनंतर तमिळनाडूतील काही निवाऱ्यांत दलितांना वेगळे वागविल्याच्या तक्रारी झाल्या. ज्या दारातून एरव्ही आपल्याला प्रवेश नाही, त्या दाराकडे वादळी रात्री कोण धावेल? तेव्हा चर्च, मंदिर, मशीद यांनी ग्रामपंचायतीसमोर बसून, दार सर्वांसाठी उघडेल असे पावसाळ्यापूर्वीच लेखी ठरवावे आणि तो कागद त्या दारावरच लावावा.