ट्रक दिसतात, म्हणून शेअर घ्यावा?

प्रश्न : आष्टीला माझं किराणा दुकान आहे. सुरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस दारावरून जातात. ती खाण चालवणाऱ्या लॉइड्स मेटल्सचा शेअर घ्यावा का?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : तुमची नजर चांगली आहे, पण ट्रकवरून माल किती निघतो ते कळतं, नफा कळत नाही. जगातलं निम्म्याहून अधिक पोलाद चीनमध्ये बनतं, त्यामुळे खनिजाचा भाव तिथल्या मागणीवर हलतो. मे 2021मध्ये तो टनाला 200 डॉलरच्या वर होता. चीनने पोलादाचं उत्पादन आवरलं आणि सप्टेंबरात तो शंभराच्या आसपास आला. मे 2022मध्ये आपल्याच सरकारने खनिजावरचं निर्यातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं, नोव्हेंबरात कमी केलं. दारात उभं राहून यातलं काहीच दिसत नाही. शिवाय तुम्हाला दिसणारे ट्रक बाजारालाही दिसतात. शेअरच्या भावात ते बहुधा आधीच धरलेले असतात.

माल सगळीकडे दिसला तरी कंपनी अडचणीत येऊ शकते. कागद बनवणारी बल्लारपूर इंडस्ट्रीज आठवा. तिचा कागद घरोघरी होता, तरी 2020मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. अशा वेळी पैसे आधी कर्ज देणाऱ्यांना मिळतात, भागधारकांचा नंबर सगळ्यात शेवटी.

म्हणून आधी तिमाही निकाल आणि कर्जाचा आकडा वाचा. घ्यायचाच असेल तर थोडा घ्या. दुकानाच्या खेळत्या भांडवलाला मात्र हात लावू नका.