स्तनाग्रावरची न भरणारी जखम : एक अभ्यास

आम्ही बँकेत कारकुनी करणारे, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. दुखणे अंगावर काढायचे आणि ते छातीचे असेल तर लाजेने कोणाला सांगायचेही नाही, ही आपल्या घराघरांतील रीत आहे. तिच्यापायी जीव जातो.

स्तनाचा कर्करोग म्हणजे गाठ, एवढेच आपल्याला ठाऊक असते. परंतु त्याचा एक दुर्मिळ प्रकार स्तनाग्राच्या त्वचेवर दिसतो. इंग्लंडचे शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली पंधरा स्त्रियांच्या नोंदींवरून त्याचे वर्णन केले. म्हणून त्यास 'पॅजेटचा रोग' म्हणतात. स्तनाग्र लाल होते, खाज सुटते, खपली धरते, पाणी किंवा रक्त येते. इसब समजून महिनोन्‌महिने मलमे लावली जातात. इसब बहुधा दोन्ही बाजूंस होते. हा रोग बहुधा एकाच बाजूस होतो आणि स्तनाग्रापासून सुरू होऊन भोवती पसरतो.

निदानासाठी त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. बहुतेक रुग्णांत आत स्तनातही कर्करोग असतो, म्हणून मॅमोग्राफी आवश्यक ठरते.

मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. रोग स्तनाग्रामागील भागापुरताच असेल, तर स्तनाग्र, भोवतालचे काळसर वर्तुळ व त्यामागील भाग निरोगी कडेसह काढतात आणि उरलेल्या स्तनास किरणोपचार देतात. रोग आत दूरवर पसरलेला असल्यास बहुधा संपूर्ण स्तन काढावा लागतो. गरजेप्रमाणे काखेतील ग्रंथीही तपासतात. म्हणजे लवकर गेलेल्या बाईचा स्तन वाचू शकतो. लपविल्याने तो तर जातोच, जीवही धोक्यात येतो.

परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी हाताने तपासल्यास रोग लवकर सापडतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. महागडे यंत्र नसले तरी पहिले पाऊल टाकता येते, हाच त्याचा अर्थ.

रानशेतच्या भगिनींनी प्रथम डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. पुढे जावे लागल्यास डहाणू रोडहून लोकलने दादर गाठावे. परळ तेथून जवळच आहे. शिधापत्रिका व आधारकार्ड सोबत ठेवावे आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करावी.

दोन-तीन आठवड्यांत मलमाने बरी न होणारी जखम डॉक्टरांना दाखवावी, एवढेच आमचे सांगणे. विद्यार्थी मित्रांनो, हा लेख घरी आई-बहिणींना वाचून दाखवा. त्यात लाज कसली?