केसपेपर, चिठ्ठी आणि शोधनिबंध : डॉक्टरांच्या लेखनाविषयी

आपल्या स्मरणिकेत बहुधा एखादा आजार, नवी तपासणी किंवा नवे औषध यांवर अभ्यासलेख असतो. या वेळी विषय थोडा बाजूचा घेतला आहे. आपण डॉक्टर मंडळी दिवसभरात जितके बोलतो जवळजवळ तितकेच लिहितो. केसपेपर, औषधांची चिठ्ठी, मोठ्या रुग्णालयाला द्यावयाचे पत्र, दाखला, विम्याचा कागद, क्वचित मृत्यूचे प्रमाणपत्र. मात्र हे लेखन कसे करावे याचा तासभराचाही वर्ग आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात झाल्याचे स्मरत नाही. शरीरशास्त्राला दीड वर्ष आणि लेखनाला शून्य, असा तो हिशेब होता. अक्षर वाईट असणे हा तर व्यवसायाचा अलंकारच मानला गेला. वस्तुतः अक्षर हा या विषयातला लहान भाग आहे. सुवाच्य अक्षरात लिहिलेले निरुपयोगी पत्रही मी पाहिले आहे, आणि ते माझेच होते.

गोष्ट १९९४ च्या मृग नक्षत्रातील. जांबोटी परिसरात दवाखाना थाटून मला पाच वर्षे झाली होती. संध्याकाळी लाकडे काढताना नऊ वर्षांच्या एका मुलाला तांबडा विंचू डसला. आणले तेव्हा पोर घामाने निथळत होते, दोनदा उलटी झालेली, हातपाय गार, नाडी जलद. प्राझोसिनची माहिती एका व्याख्यानातून मला झाली होती व गोळ्या कपाटात ठेवलेल्या होत्या. एक मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी दिली, जीप मिळवली आणि मुलाला बेळगावला रवाना केले. सोबत चिठ्ठी दिली. तिच्यात इंग्रजीत एवढेच होते : विंचूदंश, प्राथमिक उपचार केले, पुढील उपचारांसाठी पाठवीत आहे, कृपया योग्य ते करावे. खाली सही आणि शिक्का.

तिकडच्या डॉक्टरांना प्राथमिक उपचार म्हणजे काय हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांनीही नियमाप्रमाणे प्राझोसिन दिले. पहिल्या मात्रेनंतर दोन तासही झाले नव्हते. रक्तदाब कोसळला आणि उलटी येते म्हणून वडिलांनी बसते केले तेव्हा मुलाची शुद्ध हरपली. पाय उंच करून, सलाइन लावून रात्रभर त्यांनी त्याला सांभाळले. मुलगा वाचला. तिसऱ्या दिवशी वडील त्याला परत घेऊन आले आणि माझ्या हातात एक पाकीट ठेवले. तेथील ज्येष्ठ फिजिशियननी चार प्रश्न लिहून पाठवले होते. दंश किती वाजता झाला? घाम व उलटी किती वेळाने सुरू झाली? कोणते औषध, किती आणि किती वाजता दिले? रक्तदाब किती होता आणि तो रुग्ण निजलेला असताना मोजला की बसलेला? रागाचा एक शब्दही त्या पत्रात नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

या चारही प्रश्नांची उत्तरे त्या संध्याकाळी मला ठाऊक होती, फक्त ती कागदावर आली नाहीत. लेखनकौशल्याचा अभाव म्हणजे शब्दसंपत्तीचा अभाव, असा आपला समज असतो. माझ्यापाशी शब्द होते. वाचणारा कोण आहे, रात्री साडेदहाला त्याला काय ठरवायचे आहे, याचा विचार नव्हता. ‘योग्य ते करावे’ हे वाक्य त्यानंतर मी लिहिलेले नाही. ते नम्रतेचे वाक्य दिसते, पण प्रत्यक्षात आपले अर्धे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याचे आहे.

आज तीच चिठ्ठी मी पुढीलप्रमाणे लिहीन : ‘मुलगा, वय ९, अंदाजे वजन २० किलो. संध्याकाळी ७.१० वाजता उजव्या हाताला तांबड्या विंचवाचा दंश (विंचू वडिलांनी मारून आणला, मी पाहिला). ७.३० पासून दरदरून घाम, दोन उलट्या. ८.३० वाजता निजलेल्या स्थितीत नाडी १३०, रक्तदाब १४०/९०, हातपाय गार. दम नाही, खोकला नाही, फुप्फुसांत घरघर नाही. ८.४० वाजता प्राझोसिन ५०० मायक्रोग्रॅम तोंडाने. त्यानंतर उलटी नाही. पुढील मात्रा रात्री ११.४० च्या आधी नको. निजवूनच पाठवीत आहे.’ लिहायला फार तर तीन मिनिटे लागतात, आणि जीप येईपर्यंत तेवढा वेळ असतोच. (वरील आकडे नमुन्यादाखल आहेत. त्या रात्रीचे खरे आकडे कोठेही लिहिलेले नाहीत, हेच तर दुखणे आहे.)

या नमुन्यातील तीन बारकाव्यांकडे तरुण सहकाऱ्यांनी लक्ष द्यावे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवले आहे. जे आढळले नाही तेही लिहिले आहे, कारण फुप्फुसांत पाणी साचू लागले आहे की नाही यावर पुढचे सारे अवलंबून असते आणि मौनावरून ते कळत नाही. तिसरे म्हणजे ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द पूर्ण लिहिला आहे. घाईत लिहिलेल्या संक्षेपाचा मिलिग्रॅम वाचला गेला की मात्रा हजारपट होते. दशांशचिन्हाचेही तसेच आहे. अर्धा लिहिताना चिन्हाआधी शून्य हवे, पाच लिहिताना चिन्ह व शून्य नकोच.

विंचूदंशाचा विषय निघाला की डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव येणारच, आणि लेखनाच्या दृष्टीनेही त्यांच्याइतके जवळचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही. जालना जिल्ह्यातील देहेड गावचा हा मुलगा नागपूरला एम.बी.बी.एस. होऊन १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे तेथे दगावत होती आणि पाठ्यपुस्तकांत या दंशाला धड पानभरही जागा नव्हती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. घाम केव्हा, उलटी केव्हा, रक्तदाब केव्हा चढला, नाडी केव्हा बदलली, फुप्फुसात पाणी केव्हा भरले. या नोंदींतूनच हृदयावरील संकटाची पूर्वचिन्हे सांगणारा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९८२ साली आला. १८२३ पासून निघणाऱ्या या नियतकालिकात कोकणातील आरोग्य केंद्रातून लेख जावा, ही साधी गोष्ट नव्हती. पुढे विषाने स्वायत्त चेतासंस्थेत उठणारे वादळ शमविण्यासाठी प्राझोसिन वापरल्याचा अनुभव त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडला. गंभीर दंशात पूर्वी तीस टक्क्यांच्या घरात असणारे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला विशेष वाटतो तो त्यांचा २०११ चा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील निबंध. ज्या औषधाने नाव मिळाले त्या औषधालाच त्यांनी त्यात तपासणीला उभे केले. ७० रुग्णांचे दोन गट केले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिलसीच्या गटात ३२ आणि केवळ प्राझोसिनच्या गटात ८ निघाले. निकाल जसा आला तसा छापला. १९८२ मध्ये ‘मी असे पाहिले’, १९८६ मध्ये ‘असे केल्यावर असे झाले’ आणि २०११ मध्ये ‘दोन्ही करून तुलना केली’, ही एका लेखकाची वाढ आहे. ती वाक्यरचनेपेक्षा पुराव्याच्या प्रतीत दिसते.

लेखन म्हणजे पदव्युत्तर इंग्रजी, असा ज्यांचा ग्रह आहे त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८९ साली दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग असल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले. त्याआधी त्यांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची कधी तशी तपासणी झाली होती. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, घरोघरच्या नवजात बालसेवेचा निबंध आला. नवजात बालकांचे मृत्यू प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षात तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या निबंधामागच्या कच्च्या नोंदी कोणी लिहिल्या? पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्या बायकांनी. बाळाचे वजन, श्वासांची मोजणी, अंगावर पिण्याचे बंद होणे, हे त्यांनी ठरावीक तक्त्यात, ठरावीक दिवशी भरले. तक्ता चांगला असेल तर दहावी पुरते, आणि तक्ताच नसेल तर एम.डी.ही अपुरी पडते, असे मी विनोदाने म्हणतो. विनोद पूर्ण नाही.

तक्त्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अमेरिकेत डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली केसपेपरची मांडणीच बदलावी असे सुचवले. रुग्ण काय सांगतो, आपल्याला काय आढळते, त्यावरून आपण काय समजतो आणि पुढे काय करणार, हा आज सर्वत्र रुळलेला क्रम त्यातून आला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथे जमून हस्तलिखितांचे समान नियम ठरवले. परंतु शास्त्रीय ग्रंथ रचण्याचे नियम असतात ही कल्पना आपल्याला बाहेरून आलेली नाही. सुश्रुतसंहितेत ३२ आणि चरकसंहितेत ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्या औषधाच्या नव्हेत, ग्रंथरचनेच्या युक्ती आहेत. थोडक्यात सांगणे तो उद्देश, सविस्तर सांगणे तो निर्देश. दुसऱ्याचे मत न खोडता नोंदवणे ते अनुमत, शास्त्राने आपल्यापुरती ठरवलेली परिभाषा ती स्वसंज्ञा. आयुर्वेदाच्या सहकाऱ्यांना हे पाठ असते. आम्ही एम.बी.बी.एस.वाले उगाच परक्या शैलीपुस्तकांना कपाळ लावतो.

आपल्या सीमाभागाची एक वेगळी अडचण आहे. रुग्ण मराठीत, कन्नडमध्ये किंवा घाटाखालच्या कोकणीत बोलतो आणि आपण इंग्रजीत लिहितो. मध्ये भाषांतर होते आणि त्यात वस्तू सांडते. ‘चक्कर येते’ असे पेशंट म्हणाला की आपण एकच इंग्रजी शब्द टाकून मोकळे होतो. वास्तविक ‘घर फिरल्यासारखे वाटते’, ‘उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते’ आणि ‘चालताना तोल जातो’ या तीन तक्रारी आहेत. पहिलीसाठी कान तपासावा लागतो, दुसरीसाठी उभ्याने रक्तदाब, तिसरीसाठी मेंदू व मज्जारज्जू. ‘अंगात कसर आहे’ याला ज्वर म्हणावे की नाही हे थर्मामीटर ठरवील, पण शब्द तोच राहू द्यावा. मी गेली कित्येक वर्षे तक्रारीची पहिली ओळ रुग्णाच्याच भाषेत, देवनागरीत लिहितो. कन्नड शब्द असेल तर तोही देवनागरीत. बाकी इंग्रजीत. एका शहरी तज्ज्ञाने यावर नाक मुरडले होते. माझा बेत कायम आहे.

दुसरी सांडणारी वस्तू म्हणजे कामधंदा. केसपेपरवर त्यासाठी रकाना असतो आणि आपण त्यात ‘मजूर’ लिहितो. माकडताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. पुढे तो पश्चिम घाटाने वर सरकत २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात मोठ्या प्रमाणावर दिसला. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना या विषाणूचा धोका असल्याचे त्यानंतर शोधनिबंधांतूनही नोंदले गेले. चोर्ल्याच्या रस्त्याने आपल्या बाजूची माणसे हंगामात काजू गोळा करायला खाली जातात आणि ताप घेऊन घरी येतात. अशा रुग्णाच्या कागदावर ‘मजूर, ताप ४ दिवस’ एवढेच असेल तर पुढचा डॉक्टर टायफॉइड शोधत बसेल. ‘पंधरा दिवस काजूच्या बागेत, गोचीड चावल्याचे सांगतो, जवळ माकड मेलेले पाहिले’ असे असेल तर रक्ताचा नमुना योग्य प्रयोगशाळेत जाईल.

कायद्याची बाजू थोडक्यात. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावयाची असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावयाची असतात. २०१६ च्या दुरुस्तीने औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिणे आले. कोर्टाच्या भीतीने लिहिणाऱ्यांविषयी मला फारसा उत्साह नाही. ते भरपूर लिहितात, पण वकिलासाठी लिहितात आणि रात्रपाळीच्या डॉक्टराला हवी ती ओळ तिसऱ्या पानावर जाते. संगणकावरील तयार मजकूरही असाच. मागच्या भेटीची तपासणी जशीच्या तशी चिकटवलेली असते आणि प्लास्टरमध्ये असलेल्या पायाची ‘हालचाल सामान्य’ निघते.

मित्रांनी बऱ्याचदा विचारले की, एवढे विंचूदंश पाहिलेत तर आपल्या भागाविषयी तुम्ही एखादा निबंध का लिहीत नाही. १९८९ पासूनची वही माझ्यापाशी आहे. मागील दिवाळीत ती काढून बसलो. नाव, गाव, वय, ‘विंचू’, ‘बरा झाला’ किंवा ‘बेळगावला पाठवला’. पहिल्या पाच वर्षांची सारी पाने अशी आहेत. त्यांत वेळा नाहीत, रक्तदाब नाही, विंचू तांबडा की काळा हेही नाही. ती पाने बाजूला ठेवावी लागली. जून १९९४ नंतरच्या नोंदींत चार रकाने वाढलेले आहेत. त्या मी सध्या एकेक करून उतरवून घेत आहे. २००३ च्या पावसाळ्यापर्यंत आलो आहे.