क्राऊन-पिनियन कुणी बसवायचं?

सात रस्ता, सोलापूर

चि. महेश,

तुझं पत्र पोचलं. मोठे टायर घातल्यापासून जीप चढाला दम खाते, डाळिंबाचे क्रेट भरले की ओढत नाही, म्हणून मागचं ४.८८चं क्राऊन-पिनियन काढून ५.३८चं घालायचं, आणि मिस्त्रीची मजुरी वाचवायला घरच्या शेडमध्ये स्वतःच बसवायचं, असं तू लिहितोस. गिअर बदलायचा विचार बरोबर आहे. पुढचं मला पटत नाही, ते का ते सांगतो.

आधी एक राहून गेलेली गोष्ट. तुझी जीप फोर-व्हील आहे. ४.८८ म्हणजे पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ३९, ५.३८ म्हणजे ८ आणि ४३. फक्त मागचा सेट बदललास तर मागच्या आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे फेरे जुळणार नाहीत. एरवी काही कळणार नाही. पण चिखलात फोर-व्हील टाकून तशीच पक्क्या रस्त्यावर आणलीस, तर तो ताण ट्रान्सफर केसच्या दातांवर येईल आणि तिथे काहीतरी तुटेल. बदलायचे तर दोन्ही सेट बदल, नाहीतर एकालाही हात लावू नकोस. म्हणजे खर्च आत्ताच दुप्पट झाला, आणि अशा वेळी मजुरी वाचवायचा मोह आणखी वाढतो हेही मला दिसतं.

खोलणं अवघड नाही. ऑइल काढणं, अ‍ॅक्सल शाफ्ट उपसणं, मागचं झाकण उघडणं, बेरिंगच्या दोन्ही टोप्यांवर पंचने खूण करणं (डावी उजवीकडे गेली तर पुढचं सगळं वाया), हे तू आयटीआयमध्ये शिकलेला मुलगा आरामात करशील. अवघड आहे ते मोजणं.

पिनियन किती आत बसायचं ते त्याच्या मागच्या पातळ पत्त्यांवर (शिम) ठरतं. ते ठरलं की क्राऊन डावी-उजवीकडे सरकवून दातांमधली चाल धरायची. पिनियन हलू न देता क्राऊन जेवढा पुढे-मागे हलतो ती चाल. या जातीच्या अ‍ॅक्सलला ती साधारण पाच ते दहा हजारांश इंच, म्हणजे ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर असते. तुझ्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. एवढा फरक बोटाला कळत नाही, डायल गेजच लागतो. मग दातांना मार्किंग ब्लू लावून, क्राऊनला थोडा अडसर देत दोन्ही बाजूंनी फिरवायचं आणि ठसा वाचायचा. ठसा दाताच्या बुडाशी गेला तर पिनियन जास्त आत, शेंड्याला गेला तर जास्त बाहेर. पत्ती बदलायची, चाल पुन्हा मोजायची, ठसा पुन्हा घ्यायचा. पिनियन बेरिंगचा ताण वेगळा जुळवायचा. तो सैल राहिला तर भाराखाली पिनियन सरकतं, आणि आवळला गेला तर बेरिंग तापून जळते.

विलिस घराण्यातल्या या मागच्या अ‍ॅक्सलची आणखी एक अडचण आहे. क्राऊनच्या बाजूच्या पत्त्या बेरिंगच्या मागे दडलेल्या असतात. दर वेळी पत्ती बदलायला दाबून बसवलेली बेरिंग पुलरने उपसावी लागते आणि उपसताना तिचा पिंजरा वाकला की ती गेली. जाणते मिस्त्री जुन्या बेरिंगचं भोक घासून सैल करून ठेवतात, सगळी जुळवाजुळव तिच्यावर करतात आणि ठसा मनासारखा आला की मगच नवी चढवतात. तुझ्याकडे प्रेस नाही, तसला पुलर नाही, डायल गेज नाही. हे सगळं एका कामासाठी विकत घेतलंस तर वाचलेली मजुरी त्यातच जाईल.

आणि चुकलं तर? इथेच माझा जीव अडकतो. कार्बोरेटर चुकला तर संध्याकाळी पुन्हा जुळवता येतो. क्राऊन-पिनियन चुकीच्या ठशावर थोडंही चाललं की दात त्याच चुकीप्रमाणे झिजतात. नंतर पत्त्या कितीही बरोबर केल्या तरी गाडी हूं हूं करतच राहते. नवा सेट घेण्यावाचून इलाज उरत नाही.

मापाची ही शिस्त आपल्या गावाला परकी नाही. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत आणि चिंचोळीला १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कारखाने आहेत. सोलापूरची पोरं तिथे मायक्रॉनमध्ये कामं करतात. तू गेज धरायला शिकावंस अशी माझी फार इच्छा आहे. फक्त तुझ्या एकुलत्या एका जीपवर, हंगामाच्या तोंडावर नको. भंगारातून एखादा जुना अ‍ॅक्सल मिळव आणि पावसाळ्यात त्याच्यावर हात बसव.

आत्ता असं कर. अ‍ॅक्सल तू सोडव. प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, पाट्यांचे यू-बोल्ट काढून पुढचा-मागचा दोन्ही अ‍ॅक्सल डिझेलने स्वच्छ धू आणि टेम्पोत घालून इकडे आण. जुळवणी इथे मिस्त्रीकडून करून घेऊ. परत नेऊन बसवणं, नवी सीलं, ब्रेकची हवा काढणं पुन्हा तुझं. निम्मी मजुरी तशीही वाचते. माझ्या घरी मुक्कामाला ये आणि मिस्त्री जुळवत असताना शेजारी उभा राहा.

मिस्त्री निवडताना मोठ्या बोर्डावर जाऊ नकोस. ‘चाल कशाने मोजता?’ आणि ‘ठसा दाखवाल का?’ एवढं विचार. जो राग न धरता डायल गेज काढून दाखवेल आणि निळे दात तुला बघू देईल, त्याच्याकडे काम दे. ‘तीस वर्षांचा हात आहे’ एवढंच ज्याचं उत्तर असेल, त्याला नमस्कार करून पुढे चल. जुन्या हातांचा मला आदर आहे, पण हजारांश इंच हाताला कळत नाहीत.

सेट घेताना क्राऊनवर आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर दुकानातच ताडून बघ. हे दोघे कारखान्यात एकमेकांवर घासून जोडलेले असतात. एका जात्याची तळी दुसऱ्या जात्यावर चालत नाही, तसंच हे. नंबर वेगळा असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. क्राऊनचे बोल्ट नवेच घे. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच भर.

गाडी जुळून आली की पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं रिकामी चालवून पूर्ण गार होऊ दे, असं दोन-तीनदा कर. पहिल्या आठशे किलोमीटरपर्यंत क्रेट भरायचे नाहीत, ट्रॉली ओढायची नाही. मग ऑइल बदल. निघालेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून बघ. बारीक करडी भुकटी दिसली तर चालेल. पोलादाचा कीस दिसला तर गाडी तिथेच उभी कर आणि मला फोन लाव.

अक्काला आणि दाजींना नमस्कार. निघायच्या आदल्या दिवशी कळव, मिस्त्रीची वेळ धरून ठेवतो.

तुझा,
मामा