इंजेक्शननंतर डोळ्यात दिसणारे गोळे

प्रश्न : मधुमेहाने आईच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली आहे. पुण्याला नेऊन डोळ्यात इंजेक्शनं देतो. मागच्या वेळेपासून तिला नजरेच्या खालच्या बाजूला दोन-तीन गोल गोळे दिसतात. कांदे निवडायला मान खाली घातली की ते मधोमध येतात. शेजारी म्हणतात, औषध विरघळलं नाही. खरं काय?
– एक वाचक, लोणंद

उत्तर : शेजाऱ्यांचा तर्क चुकीचा आहे. हे औषध सहसा पाण्यासारखं पातळ असतं आणि एका वेळी साधारण ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब दिलं जातं. ते डोळ्यात सहज मिसळतं. तुमच्या वर्णनावरून संशय सिरिंजवर जातो.

प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये दट्ट्या अडखळू नये म्हणून नळीला आतून सिलिकोन तेलाचा पातळ थर दिलेला असतो. सुईलाही तेल असतं. त्यातलं थोडं औषधाबरोबर आत जातं. दंडात गेलं तर पत्ताही लागत नाही. डोळ्यात मात्र ते थेट नजरेच्या वाटेवर उतरतं.

डोळ्यात इंजेक्शनाने देतात त्या ‘अव्हास्टिन’ या औषधाचंच बघा. २००४ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. डोळ्याला थेंबभर पुरतं, म्हणून ४ मिलिलिटरच्या एकाच कुपीतून अनेक रुग्णांच्या सिरिंजा भरतात आणि खर्च आवाक्यात येतो. या कामाला इन्सुलिनची सिरिंज सोयीची पडते, पण तेलही तिच्यातच असतं. त्यात बुडबुडे काढायला नळीवर टिचक्या मारायची जुनी सवय! टिचक्यांनी तेल जास्त सुटतं, हे ब्राझीलमधल्या नेत्रतज्ज्ञांनी तपासून दाखवलं आहे.

आता गोळे खालीच का? तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे आईंच्या डोळ्यात ते खरं तर वर तरंगतं. पण पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून वरची वस्तू खाली भासते. मान खाली घातली की डोळ्याचा मागचा पडदा वरच्या बाजूला येतो, तेल त्याच्याकडे सरकतं आणि गोळे मधोमध दिसतात. आईंचं निरीक्षण अगदी चोख आहे.

हवेचा बुडबुडाही असाच दिसतो, पण तो सहसा एक-दोन दिवसांत जिरतो. तेल जिरत नाही. महिनोन्‌महिने राहू शकतं. डोळ्यात थेंब टाकून ते धुऊन निघत नाही, कारण ते डोळ्याच्या आत असतं. पडदा सुटल्यावर शस्त्रक्रियेत मुद्दाम भरतात तेही सिलिकोन तेलच, पण तो प्रकार निराळा.

बहुतेकांना या गोळ्यांनी अपाय होत नाही, हळूहळू सवय होते. फारच त्रास झाला तर शस्त्रक्रिया करून काढता येतात, पण तिचे धोके पाहता डॉक्टर सहसा तिकडे वळत नाहीत. तरी गोळे तेलाचेच आहेत ना, हे बाहुली मोठी करून तपासल्याशिवाय ठरत नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगा आणि बिनसिलिकोनची सिरिंज मिळेल का, हे मोकळेपणाने विचारा.

मात्र डोळा दुखला, लाल झाला, नजर एकदम कमी झाली, वीज चमकल्यासारखं झालं, ठिपक्यांचा अचानक पाऊस पडला किंवा कडेने पडदा आल्यासारखं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि या गोळ्यांना भिऊन इंजेक्शनं बंद करू नका. पडद्याची सूज वाढली तर जाणारी नजर परत मिळेलच असं नाही.